मग त्यांचं काय बे?

सोलापुरातील सात रस्ता या चौकाचे नाव वाहतुकीच्या दृष्टीने यथार्थ असले, तरी तेथे चालणाऱ्या राजकीय चर्चेच्या दृष्टीने ते पाचाने जास्त भरते. कारण वाहनांना सात दिशांना जाण्याची मुभा देणाऱ्या या चौकात वादाला मात्र दोनच दिशा असतात, एक आपली आणि दुसरी त्यांची. शहरात येणारे मंत्री जेथे उतरतात, निवेदने घेतात आणि पत्रकारांना सामोरे जातात, ते शासकीय विश्रामगृह याच परिसरात आहे, आणि देशाचे गृहमंत्रिपद भूषवलेल्या सुशीलकुमार शिंदे यांचे 'जनवात्सल्य' हे निवासस्थानही येथून लांब नाही. त्यामुळे आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर राजकारणाचा ताजा माल रोज उतरतो आणि दूध संपले तरी विषय संपत नाही. या टपऱ्यांवर, आणि एकूणच महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात, सर्वाधिक चालणारा युक्तिवाद हा मुळात युक्तिवाद नसून एक प्रश्न आहे. आपल्या बाजूच्या कोणी दंगल केली, कोणाचे दुकान फोडले किंवा व्यासपीठावरून कोणाचे हातपाय तोडण्याची भाषा केली आणि त्याबद्दल कोणी जाब विचारला, तर उत्तरादाखल 'मग त्यांचं काय?' असे विचारून मोकळे व्हावे, अशी ही रीत आहे. सोलापुरी पाठात प्रश्नाच्या शेवटी 'बे' येतो आणि तो सलगीचा असल्यामुळे जाब विचारणाऱ्याला आपल्याला उत्तर मिळालेले नाही हे उमगायला जरा उशीर लागतो.

राजकीय कडवेपणा या संज्ञेचा अर्थ येथे असा घेतला आहे की, आपले मत खरे आहे एवढ्यावर समाधान न मानता ते खोटे मानणाऱ्याच्या जिवाला, घराला किंवा गेला बाजार त्याच्या मोटारसायकलीला धोका उत्पन्न करण्याची तयारी ठेवणे. अशा तयारीचा निषेध करणे वरवर पाहता अवघड नसावे, कारण त्यासाठी 'चुकलंच ते' एवढे दोन शब्द पुरतात आणि ते उच्चारायला कोणत्याही पक्षाचे सभासदत्व आड येत नाही. प्रत्यक्षात मात्र हे दोन शब्द मराठी सार्वजनिक व्यवहारातील सर्वांत दुर्मीळ शब्दांपैकी आहेत, आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी जो प्रचंड बौद्धिक खटाटोप केला जातो, त्याला परिश्रम, स्मरणशक्ती आणि इतिहासाचे वाचन या तिन्ही गोष्टी लागत असल्याने तो करणाऱ्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

या खटाटोपाचे निरीक्षण टपरीवर फार जवळून करता येते. जाब विचारणारा गृहस्थ वर्तमानपत्राची घडी दुमडून एखाद्या भाषणाची बातमी पुढे सरकवतो आणि 'हे काय मालक, हे बरोबर हाय का?' असे विचारतो. ज्याला विचारले तो बातमी वाचत नाही, कारण ती त्याने सकाळीच वाचलेली असते आणि तेव्हापासून तो याच क्षणाची वाट पाहत असतो. तो चहाचा कप कठड्यावर ठेवतो, खिशातून मोबाईल काढतो आणि मान खाली घालून अंगठ्याने काही तरी शोधू लागतो. या अवधीत सगळी टपरी शांत असते. उकळत्या चहाचा आणि सिटी बसच्या हॉर्नचा आवाज तेवढा येतो. अखेर त्याला हवी ती चित्रफीत सापडते, तीत दुसऱ्या बाजूचा कोणी तरी तितकेच भयंकर बोलत असतो, आणि 'आता बोल बे' म्हणून मोबाईल समोरच्याच्या नाकापर्यंत नेला जातो. चित्रफीत पाच वर्षांपूर्वीची असते, कित्येकदा दुसऱ्याच राज्यातली असते, पण तिला मुदत नसते. येथून पुढे जाब विचारणारा आरोपी होतो, त्यालाही मोबाईल काढावा लागतो, आणि मूळ बातमीचा कागद तोवर कोणी तरी भज्यांखाली घेतलेला असतो.

या व्यवहाराला भारतीय तर्कशास्त्रात फार जुने आणि अचूक नाव आहे, हे टपरीवरच्या विद्वानांना ठाऊक नसले तरी त्यांच्या विद्वत्तेला त्यामुळे बाध येत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादातील पराभवाची जी बावीस स्थाने, म्हणजे निग्रहस्थाने, सांगितली आहेत, त्यांत 'मतानुज्ञा' नावाचे एक आहे; आपल्या पक्षावर दाखवलेला दोष न खोडता तोच दोष प्रतिपक्षावर ढकलणे, असे तिचे स्वरूप आहे. टीकाकारांनी यासाठी चोराचे उदाहरण दिले आहे: कोणी 'तू चोर आहेस' म्हटले आणि त्यावर 'तूही चोर आहेस' असे उत्तर दिले, तर उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या चोरीला संमती दिली, कारण 'मी चोर नाही' हे म्हणायची संधी त्याने हातची घालवली. म्हणजे न्यायशास्त्राच्या मते 'मग त्यांचं काय?' हा प्रतिहल्ला नसून कबुलीजबाब आहे, तोही पोलिसांनी हात न लावता दिलेला. गौतमाच्या सभेत असे बोलणारा हरला म्हणून उठत असे. सात रस्त्यावर असे बोलणारा जिंकला म्हणून आणखी दोन हाफ चहा सांगतो. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या ज्या शास्त्राचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा पराभवाचा नियम आपण नेमका विजयाचा नियम करून घेतला आहे, आणि यात उजवे, डावे आणि मधले असा भेदभाव कोणीही केलेला नाही.

शास्त्रापेक्षा पुराणकथा आपल्याला जवळची, म्हणून कर्णपर्वातील प्रसंग पाहावा. रथाचे चाक भूमीत रुतल्यावर कर्णाने अर्जुनाला युद्धधर्माची आठवण करून दिली, तेव्हा श्रीकृष्णाने त्याला द्यूतसभा, लाक्षागृह आणि अभिमन्यूचा वध या एकेका प्रसंगी हा धर्म कोठे गेला होता असे विचारले. मोरोपंतांच्या आर्येमुळे हा सवाल मराठी माणसाच्या जिभेवर असा काही बसला आहे की, ज्याने महाभारताचे पान उलटलेले नाही तोही तो ग्रामपंचायतीच्या सभेत बिनदिक्कत वापरतो. वापरणाऱ्यांच्या ध्यानात सहसा दोन गोष्टी येत नाहीत. पहिली अशी की, श्रीकृष्णाने कर्णाला कर्णाच्या सहभागाबद्दल विचारले होते. गांधार देशातल्या कोणा अनोळखी माणसाने काय केले याचा जाब त्याच्याकडे मागितला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. महाभारत सांगते की, हा सवाल ऐकून कर्णाने लाजेने मान खाली घातली आणि तो काहीच बोलला नाही. वस्तुतः प्रत्युत्तरासाठी त्याच्याजवळ उत्तम सामग्री होती. शिखंडीला पुढे करून भीष्मांना पाडले होते, अश्वत्थामा मेल्याची हूल उठवून द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावले होते, आणि या दोन्ही घटना ताज्या, त्याच पंधरवड्यातल्या होत्या. 'मग शिखंडीचं काय? मग द्रोणाचार्यांचं काय?' एवढे विचारले असते तर वाद सूर्यास्तापर्यंत सहज लांबला असता आणि युद्धाच्या नियमाप्रमाणे त्या दिवशीची लढाई थांबून चाकही निघाले असते. कर्णाजवळ मोबाईल नव्हता हे एक कारण झाले. पण लाज हे दुसरे कारण ग्रंथातच दिलेले आहे.

आधुनिक काळात या प्रश्नाला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले ते उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराच्या काळात. १९७४ च्या जानेवारीत डब्लिनच्या 'द आयरिश टाइम्स'मध्ये एका शिक्षकाचे पत्र छापून आले, आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बस्फोटांचा निषेध करण्याची वेळ आली की 'पण इंग्रजांनी केले त्याचे काय' असे विचारणाऱ्यांना त्यात 'व्हॉटअबाउट्स' म्हटले होते. त्यावरून पुढे 'व्हॉटअबाउटरी' हा शब्द रूढ झाला. सोव्हिएत रशियाच्या प्रवक्त्यांनी ही कला राष्ट्रीय धोरणाच्या पातळीवर नेली आणि छळछावण्यांबद्दल विचारले की अमेरिकेत काळ्या लोकांना झाडाला लटकवतात त्याकडे बोट दाखवले. लटकवत होते हे खरेच होते. पण त्या खरेपणाने सैबेरियातल्या एकाही कैद्याच्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला नाही.

सोलापूरकरांना या कलेचे बाळकडू पाण्याच्या प्रश्नातून मिळते, असे मानायला जागा आहे. उजनी धरण भरले तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते अशी तक्रार या शहरात वर्षानुवर्षे चालत आलेली आहे, आणि तिच्यावर 'लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याचं काय?' हे उत्तर ठरलेले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले हे अगदी खरे असल्याने तक्रारदार निरुत्तर होतो आणि रिकामी घागर घेऊन घरी जातो. याउलट, सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची जी चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या आड येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, तिच्या वादात 'मग बोरामणीच्या विमानतळाचं काय?' असा जो प्रश्न विचारला जाई, तो या लेखाच्या कक्षेत येत नाही. कारण बोरामणीला विमानतळ झाला असता तर चिमणी पाडावी लागली नसती, असा त्या प्रश्नाचा मूळ विषयाशी थेट संबंध होता. सगळेच प्रतिप्रश्न पळवाटा नसतात. प्रश्न विषयाला धरून आहे की विषय सोडून पळतो आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रतिप्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावर विचारणारा मूळ मुद्द्याकडे परत येतो का, ते पाहावे. चिमणीच्या वादात लोक परत येत. दंगलीच्या वादात कोणी परत आल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

प्रतिप्रश्नाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार हा काळात मागे मागे जाणारा आहे. त्याचे सूत्र 'सुरुवात कोणी केली?' हे होय. सात रस्त्याहून विजापूर रस्त्याला लागलेल्या एसटीला विजापूर गाठायला सुमारे शंभर किलोमीटर आणि दोन तासांहून अधिक वेळ लागतो; पण कालच्या दगडफेकीवर सुरू झालेली चर्चा २००२, १९९२, १९८४, आणीबाणी अशी स्थानके घेत दोन-तीन मिनिटांत अफजलखानाच्या शामियान्यात, म्हणजे १६५९ मध्ये आणि आदिलशाहीत, पोहोचलेली असते. या प्रवासात मधली बरीच स्थानके गाळली जातात आणि कोणते गाळायचे हे प्रवासी आपापल्या सोयीने ठरवतो. सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचे, आणि म्हणून सर्वांत सफाईने गाळले जाणारे स्थानक म्हणजे १९४८.

सोलापूर जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्याला लागून होता. लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी हैदराबाद संस्थानात जे अत्याचार केले, त्यांपासून पळून आलेल्या माणसांना सोलापूर-बार्शीच्या परिसराने आसरा दिला, त्यामुळे त्या आठवणी येथे पुस्तकी नाहीत, घरातल्या आहेत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. तिची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले, आणि त्यांच्या समितीने मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज दिला. सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्या, दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींत मेलेली माणसे बहुतांशी अशी होती की, ज्यांनी कोणालाही मारले नव्हते. तरीही रझाकारांचे नाव काढले की दुसरी गोष्ट पुढे करायची आणि दुसरी गोष्ट काढली की रझाकार पुढे करायचे, या पद्धतीमुळे उस्मानाबादच्या एखाद्या खेड्यातल्या मेलेल्या शेतमजुराला पाऊणशे वर्षे केवळ दुसऱ्या मेलेल्या माणसाचे तोंड बंद करण्याच्या कामावर ठेवले गेले आहे. हे काम त्याने मागितले नव्हते.

टपरीवरचा प्रश्न सरकारी कागदावर आला की त्याला कार्यकक्षा म्हणतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग नेमलेला होता. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने तो जानेवारी १९९६ मध्ये बरखास्त केला, आणि त्यावर टीका झाल्यानंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा जिवंत केला, तेव्हा त्याच्या कामात मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचाही समावेश झालेला होता. स्फोटांचा खटला स्वतंत्रपणे चालूच होता, हे लक्षात घेता, 'मग त्यांचं काय?' या लोकप्रश्नाला शासन निर्णयाचा जावक क्रमांक मिळण्याचा हा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक प्रसंग म्हणता येईल. आयोगाने मात्र हा विषय टाळला नाही. दंगली हे स्फोटांमागचे एक कारण दिसते, असे त्याने अहवालात नोंदवले. त्यामुळे ज्यांनी दंगलीवर झाकण म्हणून स्फोट आणले होते त्यांना ते झाकण दंगलीच्याच पातेल्याचे निघालेले पाहावे लागले, आणि १९९८ मध्ये अहवाल सभागृहात आला तेव्हा सरकारने तो हिंदूविरोधी ठरवून टाकला.

आता पुन्हा सात रस्त्याच्या हद्दीत यायला हरकत नाही. २० जानेवारी २०१३ रोजी जयपूर येथील काँग्रेसच्या अधिवेशनात गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी भाजप आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ हे हिंदू दहशतवादाची प्रशिक्षण शिबिरे चालवतात असे विधान केले. बोलणारा हा टपरीवरचा गृहस्थ नव्हता. देशातील तपास यंत्रणांच्या खात्याचा मंत्री होता आणि त्याआधी स्वतः पोलीस उपनिरीक्षक राहिलेला होता, म्हणून अशा विधानावर 'पुरावा दाखवा' किंवा 'पुरावा हा घ्या' याखेरीज तिसरे बोलणे व्हायला नको होते. झाले ते नेहमीचेच: एका बाजूने १९८४ च्या दिल्लीचे काय असे विचारले, दुसऱ्या बाजूने गांधीहत्येचे काय असे विचारले, आणि शिबिरे आहेत की नाहीत हा मुद्दा कोणाच्याच सोयीचा न उरल्याने बाजूला पडला. महिन्याभराने, २० फेब्रुवारीला, संसदेच्या अधिवेशनाच्या तोंडावर शिंदे यांनी दिलगिरी व्यक्त केली. भारतीय राजकारणातील ही विरळा घटना. पण तिचे काय करावे हे दोन्ही बाजूंना आजतागायत कळलेले नाही. ज्यांनी दिलगिरी मागितली होती त्यांनी ती मिळाल्यावर वापरली नाही, कारण त्यांना मूळ विधानच अधिक उपयोगाचे होते. ज्यांच्या बाजूने ती दिली गेली त्यांना ती अडचणीची वाटली. ते विधान सोलापूरच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीत चलनात असते, दिलगिरी मात्र बंद झालेल्या नोटेसारखी कोणी हातात धरत नाही.

या सगळ्या व्यवहाराची एखाद्या प्रयोगशाळेत बसून चाचणी घ्यावी म्हटले असते, तरी जमली नसती इतकी स्वच्छ चाचणी जुलै २०२५ मध्ये आपोआप घडून आली. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या सर्व बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांतील पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईतील विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सर्व सात जणांना निर्दोष सोडले. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान होते, दुसऱ्यातले हिंदू. पुरावा पुरेसा नाही, हा दोन्ही निकालांचा गाभा. आणि दोन्ही प्रकरणांचा सुरुवातीचा तपास केला तो महाराष्ट्राच्याच दहशतवादविरोधी पथकाने, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचेच सरकार असताना.

२१ जुलैला एका बाजूने विचारले, 'मग मेलेल्यांचं काय?', आणि दुसरीने सांगितले की न्यायालयाचा आदर केला पाहिजे. ३१ जुलैला दुसरीने विचारले, 'मग मेलेल्यांचं काय?', आणि पहिलीने सांगितले की न्यायालयाचा आदर केला पाहिजे. वाक्ये तीच, विरामचिन्हे तीच, केवळ खुर्च्या बदललेल्या. पहिला निकाल मुख्यमंत्र्यांनी धक्कादायक ठरवला आणि राज्य सरकार तडक सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या निकालानंतर त्यांनी दहशतवाद भगवा कधी नव्हता आणि नसेल असे जाहीर केले. या निकालाविरुद्धही तितक्याच तत्परतेने अपील करणार का, असे विरोधकांनी विचारले, आणि हा प्रतिप्रश्न, बोरामणीच्या प्रश्नाप्रमाणे, विषयाला धरून होता हे मान्य केले पाहिजे. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी दहा दिवसांपूर्वी पहिल्या निकालाविरुद्ध अपील व्हावे असे म्हटले होते, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त व्हावीत. सर्वांत मनोरंजक स्थिती त्या पथकाची झाली. एका बाजूच्या मते ते २००६ मध्ये अत्यंत कर्तबगार होते आणि दोनच वर्षांत निव्वळ बनाव रचणारे झाले. दुसऱ्या बाजूच्या मते ते २००६ मध्ये निव्वळ बनाव रचणारे होते आणि दोनच वर्षांत अत्यंत कर्तबगार झाले. एखाद्या सरकारी खात्यात इतक्या थोड्या काळात इतकी सुधारणा किंवा इतकी घसरण झाल्याचे, बढती-बदलीच्या सर्व शक्यता गृहीत धरूनही, दुसरे उदाहरण नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर त्यांतून निघणारा अर्थ असा की, लोकलगाड्यांत आणि मालेगावात मिळून दोनशेच्या आसपास माणसे कोणी मारली, हे एकोणीस आणि सतरा वर्षांनीही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. तपास कुठे आणि का फसला, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. पण 'त्यांचं' हा शब्द त्यात कोठेच घालता येत नसल्यामुळे तो चर्चेला घेण्यासारखा कोणालाही वाटला नाही.

त्याच जुलैच्या १० तारखेला विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. विधेयकाच्या मसुद्यावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, त्याची छाननी करणाऱ्या संयुक्त समितीने उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा स्पष्ट उल्लेख केला, आणि त्यावर विरोधी बाकांवरून अपेक्षित प्रश्न आला: मग कडव्या उजव्यांचं काय? या प्रश्नाची गंमत अशी की, त्याला होकार मिळाला असता तर विचारणाऱ्यांनाच फार अडचण झाली असती. कायदा इतका सैल आहे की त्यात कोणालाही अडकवता येईल, अशी ज्यांची मूळ हरकत होती, ते आता त्यात आणखी काही जणांना अडकवण्याची मागणी करत होते. विधानसभेत विधेयकाला थेट विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकमेव आमदाराने. त्यानेही मग काश्मीरचे काय किंवा अमेरिकेचे काय असे विचारले असते तर पक्षाच्या परंपरेला ते शोभून दिसले असते. परंतु एकट्या माणसाला बोट दाखवायला दुसरा हात मोकळा नसतो, म्हणून त्याला विधेयकाबद्दलच बोलावे लागले असावे.

येथे तिसऱ्या एका वर्गाची नोंद घेतली नाही तर अभ्यास अपुरा राहील. हा वर्ग टपरीच्या बाकाच्या टोकाला बसतो, दोघांचेही ऐकून घेतो आणि शेवटी 'सगळे एकाच माळेचे मणी' असे म्हणून उठतो. त्याला निःपक्षपाती समजले जाते. वस्तुतः त्याने दोन्ही बाजूंचे 'मग त्यांचं काय?' एकदम मान्य करून दोन्ही आरोप एकाच वेळी निकालात काढलेले असतात, जे कोणत्याही एका पक्षाच्या कार्यकर्त्याला आयुष्यभर खपूनही जमत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना अंधश्रद्धेवर बोलताना 'इतर धर्मांबद्दल का बोलत नाही?' असे सतत विचारले जाई. इतर धर्मांतील भोंदूंविरुद्धही आपली समिती काम करते, असे ते उत्तर देत, आणि पुढच्या गावात पुन्हा तोच प्रश्न विचारला जाई. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर टोकाला बसणाऱ्या वर्गातील कित्येकांनी 'दोन्हीकडून अतिरेक होतो' असे मत व्यक्त केले. भाषणे देणे आणि गोळ्या घालणे यांना एका तागडीत तोलण्यासाठी जी समदृष्टी लागते, ती योग्यांनाही साधलेली नाही.

दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवण्याच्या या सार्वत्रिक प्रथेला सोलापुरात एक अपवाद घडला आणि त्याचे फळ अपवाद करणाऱ्याला लगेच मिळाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे शहराचे आडम मास्तर, यांनी विडी कामगार आणि असंघटित कष्टकऱ्यांच्या घरांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी केली आणि त्यानंतर तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेतला. ९ जानेवारी २०१९ रोजी या प्रकल्पाच्या पायाभरणीसाठी पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले, तेव्हा मास्तरांनी त्याच व्यासपीठावरून पंतप्रधानांचे आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे आभार मानून कौतुक केले. चाळीस वर्षे ज्यांच्या विरोधात घोषणा दिल्या त्यांनी एक काम केले, तेव्हा केले म्हणून सांगितले, इतकाच हा प्रकार होता; यात विचारसरणीची अदलाबदल नव्हती, लाल बावटा खाली ठेवलेला नव्हता, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी कोणत्याही शाखेत गेले नाहीत. सात रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूंची पंचाईत झाली. एकीला कम्युनिस्टाचे प्रशस्तिपत्र मिरवावे तर कम्युनिस्टांना देशद्रोही म्हणणे काही दिवस थांबवावे लागत होते, दुसरीला मास्तरांवर टीका करावी तर तीस हजार घरांवर टीका केल्यासारखे होत होते. 'मग त्यांचं काय?' हा प्रश्न येथे कोणाला विचारायचा हेच कळेना, कारण 'ते' आणि 'आपण' एकाच मांडवात हारतुरे घेऊन उभे होते. मार्च २०१९ मध्ये पक्षाने हा पेच सोडवला आणि मास्तरांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. विरोधकाच्या पापाकडे बोट दाखवल्याबद्दल तीन महिने तर सोडाच, तीन मिनिटांसाठीही कोणत्याही पक्षाने आपल्या माणसाला निलंबित केल्याची नोंद महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात शोधूनही सापडत नाही.